वेळेवर थांबणारी वीज

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त वलगाव येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)



२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, आपल्या गावाजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांच्या, म्हणजेच बाबांच्या, जन्माला फेब्रुवारी २०२६ मध्ये १५० वर्षं पूर्ण होतात. अशा जागी उभं राहून विजेच्या बिलावर काय बोलायचं, असं कुणाला वाटू शकेल. मला तसं वाटत नाही. बाबांच्या कीर्तनात देवाइतकाच घरचा हिशेब असे. कर्ज कोणी काढलं, सणावारात किती उडवलं, लेकरांच्या शाळेसाठी काय उरलं, हे ते समोर बसलेल्या माणसालाच विचारत. आज वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरात मे आणि जून महिन्यांत येणारं विजेचं बिल हा त्या हिशेबातला मोठा आकडा झाला आहे. म्हणून आजचा विषय मी जाणीवपूर्वक निवडला: घरातली यंत्रं आपणहून चालू-बंद होण्याची सोय करून बिल कमी होतं का, आणि होत असेल तर नेमकं कुठे.

दुकानात या सोयीला ‘स्मार्ट होम’ म्हणतात. मोबाईलवर बोट ठेवलं की बैठकीतला दिवा लागतो, ‘पंखा लाव’ म्हटलं की पंखा लागतो. अमरावतीत नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत हे आता सर्रास असतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. वीज वाचते ती यंत्र वेळेवर बंद झाल्यामुळे. ते सहज चालू होण्याची सोय ही निव्वळ चैन आहे, तिचा बिल कमी होण्याशी संबंध नाही, आणि पुष्कळदा तिनं बिल वाढतंच.

आपल्या भागाला हे नव्यानं शिकवायची गरज नाही, कारण स्वयंचलन वऱ्हाडात घराच्या आधी वावरात आलं. शेतपंपावरचा ‘ऑटो’ तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या पाळीत लाईन किती वाजता येईल याचा भरवसा नाही, अंधारात साप-विंचवाची भीती, ओलिताचं पाणी तर हवंच. मग स्टार्टरला ऑटो स्विच लावला की लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू. शेतकऱ्यानं हे आळसापोटी केलेलं नाही, नाइलाजानं केलं. पण त्याचा परिणाम काय झाला? फिडरवर लाईन येते त्या क्षणी डीपीवरच्या, म्हणजे वाटप ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एकेक मोटर पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं सुरू झाली असती तर डीपीनं ते सहज पेललं असतं. सगळ्या एका क्षणी उठल्या की फ्यूज जातो, तेल तापतं, डीपी जळते आणि ऐन हरभऱ्याच्या ओलितात अख्खा शिवार कोरडा पडतो. महावितरण म्हणूनच वारंवार सांगतं की ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा. शिवाय पाणी पुरेसं झालं तरी ऑटो मोटर थांबवत नाही. त्याला फक्त सुरू करणं कळतं.

याच अडचणीवर पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्यानं वेगळा विचार केला. त्यांचं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र साध्या मोबाईलच्या सिमवर चालतं. शेतकरी घरून फोन करतो, पंपाकडे लाईन आहे का ते कळतं, मोटर सुरू करता येते आणि महत्त्वाचं म्हणजे बंद करता येते. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या कल्पनेला पारितोषिक मिळालं. आज बाजारात अशा मोबाईल स्टार्टरचे कितीतरी प्रकार आहेत आणि या सभेत बसलेल्या अनेकांच्या विहिरीवर त्यातला एखादा असेल. ऑटो आणि मोबाईल स्टार्टर ही दोन्ही स्वयंचलनंच. एकात माणसाचा निर्णय काढून घेतला आहे, दुसऱ्यात माणसाचा हात तीन किलोमीटर लांब केला आहे. घरात काय बसवायचं हे ठरवताना हा फरक डोळ्यांसमोर ठेवा.

जगाचा इतिहासही याच दिशेनं गेला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर इथे वॉरेन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. हिवाळ्यात वर्ग किती तापला आहे हे पाहायला शिपाई पुन्हा पुन्हा वर्गात यायचा आणि शिकवण्यात खंड पडायचा. जॉन्सन यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. वर्गाचं तापमान ठरल्या अंशाला पोचलं की तळघरात घंटा वाजे आणि खालचा माणूस भट्टीचा वारा कमी करी. घराघरांतल्या इस्त्रीत, फ्रिजमध्ये, गिझरमध्ये आज तोच थर्मोस्टॅट बसला आहे. इस्त्री तापली की तिचा लाल दिवा विझतो, ते स्वयंचलनच आहे आणि त्यासाठी कुणाला मोबाईल लागत नाही.

आता बिलाकडे येऊ. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. वहन आकार धरून पहिल्या टप्प्यातलं युनिट साधारण सहा रुपयांच्या आसपास पडतं, दुसऱ्या टप्प्यातलं अकरा-बारा रुपयांच्या घरात जातं, तिसऱ्या टप्प्यात त्याहून कितीतरी वर. शिवाय यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातलं एक युनिट तुम्हाला तेरा रुपयांच्या जवळपास पडतं. अनेकांचा समज असतो की ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महागड्या दरानं लागतं. तसं होत नाही. फक्त वरची युनिटं महाग होतात. पण याचा दुसरा अर्थ नीट ध्यानात घ्या. तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. महिन्याला ४० युनिट वाचवणारं घर सहाच्या दरानं वाचवत नाही, तेराच्या दरानं वाचवतं. म्हणूनच मार्चमध्ये जे काम बिनफायद्याचं वाटतं ते मे महिन्यात फायद्याचं ठरतं.

मे महिन्यात आपल्या घरात काय बदलतं? कूलर येतो. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश काढावे लागले होते, हे तुम्हाला आठवत असेल. अशा उन्हात कूलर ही चैन नाही. आपल्याकडची हवा एप्रिल-मे मध्ये इतकी कोरडी असते की ओल्या ताट्यांमधून येणारा वारा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी सहज खाली येतो. एसीच्या मानानं कूलर फार कमी वीज खातो, आणि माझं तर मत असं की वऱ्हाडासाठी कूलरइतकं शहाणं यंत्र दुसरं नाही. पण मोठा लोखंडी कूलर, पंखा आणि पंप धरून, साधारण २०० वॅट घेतो. दोन खोल्यांत दोन कूलर, रोज चौदा तास, तीस दिवस, असा हिशेब केला तर १६८ युनिट होतात. जे घर फेब्रुवारीत १२० युनिटांवर होतं ते मे मध्ये जवळजवळ २९० वर जातं, आणि ही वाढ सगळी महागड्या टप्प्यात.

इथे स्वयंचलन खरोखर कामी येतं आणि तेही अगदी साधं. एप्रिलच्या पहाटे आपण झोपेतच चादर अंगावर ओढतो आणि कूलर मात्र चालूच राहतो. उठून तो बंद करणं कुणाच्या जिवावर येत नाही? खोलीचं तापमान ठरल्या अंशाखाली गेलं की कूलर बंद करणारा थर्मोस्टॅट, किंवा पहाटे चारला बंद करणारा घड्याळी टायमर, काहीशे रुपयांत मिळतो. पहाटेचे दोन तास दोन कूलर बंद राहिले तर महिन्याला २४ युनिट, म्हणजे तीनशे रुपयांच्या वर वाचतात. मे महिन्याच्या लाटेत रात्रही तापलेली असते, तेव्हा टायमर थोडा पुढे ढकला किंवा थर्मोस्टॅटवर सोडा. म्हाताऱ्या माणसाच्या आणि लहान लेकराच्या खोलीत काटकसर करू नका. कूलरच्या पंपाचंही असंच आहे. ताट्या एकदा चिंब भिजल्या की काही मिनिटं पंप थांबला तरी वारा गार येतो. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा टायमर पंपाला लावला तर पंपाची वीज निम्म्यावर येते. आणि मृग लागून हवेत दमटपणा आला की पंप चालवून काही मिळत नाही, उलट अंग चिकचिकतं. तेव्हा पंप काढून टाका आणि नुसता पंखा चालवा. हे मात्र कोणतंही यंत्र सांगणार नाही, ते आपणच ओळखायचं.

बोअरवेलच्या मोटरीचा हिशेब याहून सोपा आहे. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते. गच्चीवरची टाकी भरली आणि कुणाचं लक्ष नाही, वीस मिनिटं पाणी सांडत राहिलं, असं रोज झालं तर महिन्याला दहा युनिट. पाण्याची नासाडी वेगळीच. टाकीत तरंगणारा फ्लोट स्विच भरल्यावर मोटर बंद करतो. खाली पाणी नसेल तर मोटर कोरडी चालू नये म्हणून बंद करणारा नियंत्रकही मिळतो, आणि त्यानं मोटर जळण्याचा खर्च वाचतो, जो दहा युनिटांपेक्षा कितीतरी मोठा असतो. अमरावती जिल्ह्यात, विशेषतः वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात, भूजल किती खोल गेलं आहे हे सांगायला नको. माझ्या मते घरात पहिलं स्वयंचलन बसवायचं असेल तर ते टाकीत.

गिझरबद्दल थोडक्यात. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे अर्धं युनिट लागतं, याहून कमी विजेत कुठलाही साधा गिझर ते करू शकणार नाही. पण गिझर सकाळी लावून दुपारपर्यंत तसाच राहिला तर टाकीतली उष्णता हळूहळू बाहेर जाते आणि तो पुन्हा पुन्हा पेटतो. पंधरा-वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर पुरेसा आहे.

एसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी एवढं करावं: १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं बंधनकारक केलं आहे, ते खाली नेऊ नका. एक अंश वर ठेवला तर जवळपास सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. २६ अंश आणि सोबत मंद पंखा, यात झोप उत्तम लागते.

आता जी वस्तू मुळात स्वयंचलित नाही, पण या सगळ्यापेक्षा जास्त वाचवते, तिच्याकडे येतो. जुना छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतो. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, घरात चार पंखे, रोज बारा तास, तर महिन्याला ६५ युनिट. दुसऱ्या टप्प्यात असलेल्या घरात हे आठशे रुपयांच्या वर जातात. वर्षातले आठ महिने पंखे चालतात असं धरलं तर चार पंख्यांची किंमत दोन-अडीच वर्षांत फिटते. यातल्या बहुतेक पंख्यांना रिमोट आणि झोपेचा टायमर मुळातच येतो. ज्यांच्याकडे अजून तो जुना चौकोनी, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर आहे, त्यांनी एक जाणून घ्या: पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काहीशे रुपयांचा असतो, तो आजच बसवा.

आणि दिवे? दिव्यांच्या बाबतीत मी निराश करणार आहे. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेनं एलईडी बल्ब स्वस्त केले आणि घराघरांत पोचवले. आज ९ वॅटचा बल्ब रोज चार तास विनाकारण जळला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट जातं, म्हणजे तेरा-चौदा रुपये. त्यासाठी हजार रुपयांचा स्मार्ट स्विच बसवून बिल कमी होईल असं जो सांगतो तो हिशेब करत नाही. उलट हिशेब मांडून पाहू. प्रत्येक स्मार्ट प्लग स्वतः जागं राहायला अर्धा ते एक वॅट घेतो. असे दहा प्लग आणि रात्रंदिवस चालणारा ८ वॅटचा वायफाय राउटर, मिळून महिन्याला सुमारे ९ ते १३ युनिट होतात. दिव्यांवर जेवढं वाचवलं त्याहून जास्त वीज दिवे सांभाळणाऱ्या यंत्रांनीच खाल्ली. सेटटॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी त्याची वीज पूर्ण थांबत नाही. भिंतीवरचा खटका बंद करा. भारनियमनाच्या काळात घेतलेले इन्व्हर्टर अजून आपल्या घरांत आहेत. बॅटरी म्हातारी झाली की ती सतत चार्ज ओढत राहते, तिच्याकडेही एकदा लक्ष द्या.

स्वयंचलन कुठे बसवायचं हे कळण्यासाठी मीटर वाचायला शिका. रात्री झोपताना रीडिंग लिहा, सकाळी उठून लिहा. सगळं बंद असताना मीटर किती पुढे गेलं ते पाहा. नववी-दहावीच्या मुलांकडून हे आठवडाभर करून घ्या. विज्ञानाच्या पुस्तकातला वॅट, तास आणि युनिटचा धडा त्यांना घरातच मिळेल. गावात टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे, मीटर बसत आहेत, त्यावरून बरीच शंकाकुशंकाही आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १ जुलै २०२५ पासून असं मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री या वेळेत गेली तर रक्कम मोठी वाचणार नाही, महिन्याला अगदी थोडे रुपयेच. पण दिवसा सूर्याची वीज भरपूर असते आणि संध्याकाळी ती संपली की इथून जवळच्या नांदगाव पेठच्या किंवा अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशावर भार जातो. एक युनिट बनवायला अर्ध्या किलोच्या वर कोळसा लागतो. ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांच्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या सौर पॅनेलला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. त्याचा विचार अवश्य करा, पण आधी पंखे आणि मोटर ताब्यात आणा, म्हणजे पॅनेल कमी लागतील. आणि स्लॅबच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना मारा. जाड मातीच्या धाब्याच्या घरात आपल्या आज्या कूलरशिवाय राहिल्या; आजचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडतो.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. रस्त्यावरचे दिवे दुपारी बाराला जळताना मी अनेक गावांत पाहिले आहेत. खांब-खांबावर जाऊन बंद करायला माणूस नाही, एवढंच कारण. उजेड पाहून दिवा बंद करणारा फोटोसेल किंवा एका स्विचवर टायमर लावला तर दिवसाचे अकरा-बारा तास वाचतात. ग्रामपंचायतींची दिवाबत्तीची थकबाकी राज्यभर वर्षानुवर्षं डोईजड झाली आहे. घरात स्मार्ट दिवा नसला तरी चालेल, रस्त्यावरचा दिवा मात्र आपोआप विझायला हवा. बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. सार्वजनिक जागेची काळजी आधी घेण्याचा त्यांचा धडा ग्रामपंचायतीला या एका टायमरनं सुरू करता येईल.

शेवटी बंद करणाऱ्या यंत्रांमधलं सर्वांत मोठं यंत्र राहिलं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. लोखंडी कूलर, खाली ओलं अंगण, अर्थिंग नसलेली वायर, आणि पाणी भरायला गेलेली बाई किंवा लहान मुलगा. वीज जमिनीकडे गळते आहे हे आरसीसीबी नावाचा स्विच ओळखतो आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशात लाईन तोडतो. नेहमीचा फ्यूज किंवा एमसीबी हे करू शकत नाही, कारण माणूस मरायला लागणारा करंट त्यांच्या दृष्टीनं फार थोडा असतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या. दोन-तीन स्मार्ट प्लगच्या किमतीत तो येतो. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. स्विच खाली पडला म्हणजे तो जागा आहे. सोबत अर्थिंग तपासून घ्या, आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी प्लग काढण्याची सवय ठेवा.

होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतील. त्याआधी वलगावातल्या प्रत्येक कूलर असलेल्या घरात आरसीसीबी आणि अर्थिंग झालं पाहिजे. ज्या घराला खर्च झेपत नाही त्याच्यासाठी शेजाऱ्यांनी वर्गणी काढा, गावातल्या वायरमन मुलांनी एक दिवस मजुरी न घेता काम करा. बिल कमी करण्याच्या बाकी सगळ्या गोष्टी त्यानंतर.